चाक फिरतं, गाडी का हलत नाही? मंगळवेढ्याच्या मातीत गिअर, टायर आणि पकड

(मंगळवेढा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज विषय गाडीचा आहे, पण सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. काही वर्षांपूर्वी सप्टेंबर अखेरीला आम्ही एका ओळखीच्यांच्या शेतावर निघालो होतो. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. डांबरी सोडून पाणंदीला लागलो, शंभर पावलं गेलो आणि गाडी रुतली. आम्ही काय केलं? सगळे करतात तेच. पहिला गिअर टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगर फिरली, चिखल मागच्या काचेपर्यंत उडाला आणि गाडी आणखी चार बोटं खाली बसली. म्हणून आणखी दाबला. शेवटी एका आजोबांनी हाक मारली, "अहो, गाडी चालवताय का विहीर खणताय?"

ते गेले आणि बैलजोडी घेऊन आले. दोन खिलार बैलांनी गाडी ओढून काढली. आमच्या इंजिनाची ताकद ३७ अश्वशक्ती, आणि त्या जोडीची मोजून एक. मग एकीला जे जमलं ते सदतीसला का जमलं नाही? आजचं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर.

दोन मर्यादा

गाडी पुढे का जाते? इंजिन चाक फिरवतं, चाक जमिनीला मागे ढकलतं आणि जमीन चाकाला पुढे ढकलते. गाडीला पुढे नेणारं बळ शेवटी जमिनीकडूनच येतं, हे नीट लक्षात ठेवा. म्हणजे मर्यादा दोन झाल्या. इंजिन आणि गिअर मिळून चाकाला किती जोर देऊ शकतात, ही पहिली. जमीन त्यातला किती जोर झेलू शकते, ही दुसरी. गाडीला मिळतं ते या दोहोंतलं जे कमी असेल तेच.

जमीन किती झेलते याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. ज्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्यांच्यावरचं वजन घ्यायचं आणि त्याला पकडीच्या आकड्याने गुणायचं. कोरड्या डांबरीवर हा आकडा साधारण ०.८ असतो. ओल्या डांबरीवर तो ०.५ च्या आसपास येतो. निसरड्या चिखलात ०.२ ते ०.३, कधी त्याहूनही खाली.

समजा लहान गाडी आहे, माणसांसकट ९०० किलोची, आणि इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. पुढच्या दोन चाकांवर मिळून ५०० किलो आहेत. कोरड्या डांबरीवर जमीन ५०० गुणिले ०.८, म्हणजे ४०० किलोंचा जोर झेलेल. चिखलात ०.२५ धरला तर फक्त १२५ किलोंचा. गाडी तीच, चालवणाराही तोच, जमीन बदलली.

गिअर काय करतो

आता पहिली मर्यादा, इंजिनाची. इंजिन जे देतं त्याला टॉर्क म्हणतात. आपण पीळ म्हणू. लहान गाडीचा पीळ ६० न्यूटन-मीटर धरा. म्हणजे एक मीटर लांबीचा पान्हा नटाला लावून त्याच्या टोकाला साधारण ६ किलो वजन टांगलं तर नटावर जेवढा पीळ बसेल तेवढा. एवढाच. चाक एवढ्या पिळावर गाडी हलवू शकत नाही, म्हणून मध्ये गिअर लागतात.

पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि पुढे डिफरन्शियलमधलं ४.३ धरा. दोन्ही गुणले की जवळजवळ १५. इंजिनाचे १५ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो, आणि त्या बदल्यात पीळ १५ पट होतो. ६ चे ९० झाले. दहा टक्के गिअरच्या घासण्यात जातात, उरले ८१. चाकाची त्रिज्या पाव मीटर, म्हणून जमिनीवर जोर येतो ८१ भागिले ०.२५, म्हणजे ३२४ किलो.

दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.१ घेतलं तर जोर येतो १९४ किलो. चौथ्याचं ०.९ घेतलं तर ८४ किलो. इथे फुकट काही मिळत नाही. पीळ वाढला की वेग घटतो आणि वेग वाढला की पीळ घटतो, गुणाकार तेवढाच राहतो. विहिरीवरच्या मोटेच्या चाकापासून सायकलपर्यंत नियम हाच.

गाडी झटकन वेग घेते ती याच जोरावर. कोरड्या डांबरीवर पहिल्या गिअरमध्ये ३२४ किलोंचा जोर ९०० किलोंच्या गाडीला मिळतो. जमीन ४०० झेलू शकते, म्हणून चाक घसरत नाही. तिथे आपल्याला अडवतं ते इंजिन. चौथ्या गिअरला ८४ किलोच मिळतात, म्हणून ओव्हरटेक करताना गिअर खाली घ्यायला सांगतात. चढावर गाडी धापा टाकत असताना वरच्या गिअरमध्ये नुसता ॲक्सिलरेटर दाबून उपयोग होत नाही, त्याचं कारण हेच आहे.

आता चिखलात या. जमीन झेलते १२५ आणि पहिला गिअर पूर्ण दाबल्यावर देतो ३२४. उरलेले २०० किलो कुठे जातील? चाक जागीच फिरवण्यात. आणि चाक एकदा फिरायला लागलं की ते माती ढवळून तिचं लोणी करतं, मग पकड आणखी कमी होते. ॲक्सिलरेटर दाबून आम्ही स्वतःच्या हाताने पकड घालवत होतो.

मग ॲक्सिलरेटर सोडायचा का? तेही पुरत नाही, कारण चिखलातून नुसतं चाक लोटायलाच वजनाच्या दहा टक्के जोर लागतो. म्हणजे आपल्या गाडीला ९० किलो. ९० पेक्षा कमी दिले तर गाडी हलत नाही आणि १२५ पेक्षा जास्त दिले तर चाक घसरतं. या दोन आकड्यांमधली फट अरुंद आहे. त्या फटीत राहायला दुसरा गिअर बरा पडतो. त्याचे जास्तीत जास्त १९४ आहेत, अर्ध्यावर साधारण ९७ येतात, आणि पाय थोडा इकडेतिकडे झाला तरी एकदम उडी बसत नाही. चिखलात दुसऱ्या गिअरवर हळूच काढा असं जुने ड्रायव्हर सांगतात, त्याचं गणित हे आहे. पण चाक खोल रुतल्यावर लोटायलाच १३० लागले, तर कोणताही गिअर गाडी काढू शकत नाही. तिथे बैलजोडीच.

आणि बैलांना का जमलं? बैलाचा खूर मातीत रुततो, खालच्या घट्ट थराला टेकतो आणि त्याला रेटा देऊन बैल पुढे जातो. घसरायला लागला की तो पाय उचलून दुसरीकडे टाकतो. जोडीने ७०-८० किलोंचा जोर दिला, गाडीनेही दुसऱ्या गिअरमध्ये हळूच साथ दिली, दोन्हींची बेरीज झाली आणि गाडी निघाली. कमी पडत होती ती पकड, ताकद मुळीच कमी नव्हती.

टायर: हवा, रुंदी आणि नक्षी

हवा भरलेल्या टायरचं पेटंट डनलप यांनी १८८८ मध्ये घेतलं, ते सायकलसाठी. शेतातल्या ट्रॅक्टरला मात्र पुढची चाळीसहून जास्त वर्षं दात्यांची लोखंडी चाकंच होती. १९३२ मध्ये अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीने हवेच्या टायरवरचा ट्रॅक्टर विकायला काढला, तेव्हा लोकांना शंका होती की हे मऊ रबर नांगर काय ओढणार. काही वर्षांतच लोखंडी चाकं मागे पडली.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती असतो? आपल्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर २५० किलो आहेत. हवा ३० ची, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. भागाकार केला की ११९ चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे साधारण तुमच्या तळहाताएवढी जागा. सगळी गाडी चार तळहातांवर उभी आहे. हवा ३० वरून १८ वर आणली तर हीच जागा १९७ च्या आसपास जाते.

नदीच्या वाळूत गाडी रुतली की हवा कमी करायला सांगतात ते यासाठी. जागा वाढली की दाब कमी होतो आणि चाक कमी रुततं. पण डांबरीवर आल्यावर हवा परत भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगात बाजूने वाकत राहतो, तापतो आणि फुटतो. सोलापूर रस्त्याला उन्हाळ्यात डांबर किती तापतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पावसात भरधाव जाताना कमी हवेचा दुसरा धोका असतो. रस्त्यावर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो, जमिनीला टेकतच नाही. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर प्रयोग करून याचा एक अंदाज बसवला. हवेच्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण १६.७ ने गुणायचं, की ताशी किलोमीटर मिळतात. ३० ची हवा असेल तर ९१, २० ची असेल तर ७५. टायरवरच्या खाचा पाण्याला वाट देतात म्हणून चांगल्या टायरला थोडी सवलत मिळते, गुळगुळीत टायरला ती नाही. खाचेत खाली छोटी उंचवटी असतात, ती १.६ मिलिमीटरची खूण आहे. रबर तिच्या पातळीला आलं की टायर बदलायचा. कोरड्या दिवशी गुळगुळीत टायर छान पकडतो आणि म्हणूनच फसवतो.

रुंद टायर लावला तर? कोरड्या डांबरीवर थोडा फायदा होतो, कारण रबराचा जास्त भाग काम करतो आणि कमी तापतो. साचलेल्या पाण्यावर उलट, तो लवकर तरंगतो. आणि मोठ्या त्रिज्येचा टायर लावला तर गाडी उंच दिसते खरी, पण आपला हिशोब आठवा. शेवटी त्रिज्येने भागायचं आहे. त्रिज्या पाच टक्के वाढली की प्रत्येक गिअरमधला जोर जवळपास पाच टक्के कमी झाला. शिवाय स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. काटा ८० वर असताना गाडी ८४ ने पळत असते. गाडीने चटकन वेग घ्यावा म्हणून मोठी चाकं बसवणारे आपण बघतो. ते उलटं करतायत.

माती वेगळी, नियम वेगळा

आतापर्यंत पकडीचा एकच आकडा धरला होता. डांबरीवर ते चालतं. मातीत जरा खोलात जावं लागतं, आणि मंगळवेढ्यात जावंच लागतं, कारण इथली माती साधी नाही. भीमा आणि माणच्या खोऱ्यातली ही खोल काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ती पाणी धरून ठेवते, म्हणून रब्बीत पाणी न देता मालदांडी ज्वारी येते. या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण जो गुण ज्वारीला तारतो तोच चाकाला मारतो.

अठराव्या शतकात कुलोम नावाच्या फ्रेंच अभियंत्याने मातीच्या ताकदीचे दोन भाग केले. एक म्हणजे चिकटपणा, मातीचे कण एकमेकांना धरून असतात तो. दुसरा म्हणजे घर्षण, वरून वजन पडलं की कण एकमेकांवर घासतात ते. चिकटपणाचा भाग टेकलेल्या जागेवर अवलंबून असतो. घर्षणाचा भाग वजनावर. एवढं एक वाक्य ध्यानात ठेवलं तर आजचं व्याख्यान वसूल झालं समजा.

ट्रॅक्टरचं उदाहरण घेऊ. मागच्या दोन चाकांवर १५०० किलो, दोन्ही मिळून टेकलेली जागा पाव चौरस मीटरला थोडी कमी. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र खरं आहे.

माणच्या कोरड्या वाळूत चिकटपणा शून्य आणि घर्षणाचा आकडा साधारण ०.५८. जमीन झेलते ८७० किलो. इथे चाकावर वजन वाढवलं तर पकड वाढेल.

पाऊस पडून गेल्यावरच्या ओल्या काळ्या मातीत घर्षण जवळपास शून्यावर येतं, कारण कणांमधलं पाणीच वजन उचलून धरतं. उरला थोडा चिकटपणा. जमीन झेलते साधारण २४५ किलो. आणि इथे गंमत अशी की १५०० च्या जागी २००० किलो ठेवले तरी आकडा हलत नाही. ट्रॅक्टर फक्त जास्त रुततो. रुतलेल्या ट्रॅक्टरवर माणसं चढवून काही होत नाही, ते यामुळे.

आता तीच माती चार-सहा दिवसांनी बघा. वापसा आलाय. मूठ दाबली तर ढेकूळ होतं, बोट लावलं तर फुटतं. चिकटपणा दुप्पट झाला आणि घर्षणही परत आलं. हिशोब केला तर हजार किलोंच्या पुढे जातो. चार पट! नवीन टायर न घेता, एक रुपया खर्च न करता, फक्त वाट बघून. वापसा आल्याशिवाय रानात औत घालू नये, हे आपल्या आजोबा-पणजोबांना सूत्राशिवाय माहीत होतं. ओल्या रानात चाक फिरलं की खाली मातीचा थर लिंपल्यासारखा होतो. त्या थरातून ज्वारीची मुळं खाली जात नाहीत आणि खालची ओल वर मिळत नाही. चाकाचं ते एक घसरणं फेब्रुवारीत कणसाच्या दाण्यात दिसतं.

हे शास्त्र कुठवर गेलं बघा. चाक आणि माती यांच्या संबंधावर बेकर नावाच्या पोलिश अभियंत्याने १९५६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पुढे चंद्रावर जाणाऱ्या गाडीच्या कामातही त्यांचा हात होता. १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर ती गाडी गेली. तिच्या चाकात हवा नव्हती, पोलादी तारेची विणलेली जाळी होती आणि तिच्यावर टायटॅनियमच्या पट्ट्या. तिथे वजन सहावा हिस्सा आणि खाली मऊ धूळ. प्रश्न आपल्या पाणंदीतलाच होता.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी तीन गोष्टी

पहिली, घसरण मोजा. मातीत चाक थोडं घसरणारच, त्याशिवाय माती रेटा देत नाही. पण किती? मागच्या टायरवर खडूची खूण करा. नांगर वर उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चाला आणि अंतर मोजा. समजा ४१ मीटर आलं. आता नांगर लावून त्याच रानात पुन्हा दहा फेरे. ३६ मीटर आलं, तर ५ मीटर गेले, म्हणजे १२ टक्के घसरण. ८ ते १५ टक्के चांगली समजायची. २५ टक्के आली तर चारातला एक लिटर डिझेल माती ढवळण्यात चाललंय. आणि तीन-चार टक्केच आली तर खुश होऊ नका, चाकावर गरजेपेक्षा जास्त वजन आहे आणि तुम्ही रान दाबताय.

दुसरी, गिअर वर आणि थ्रॉटल खाली. २२०० किलोंचा ट्रॅक्टर चांगल्या वापशात साधारण ९०० किलोंचा जोर ओढतो. ताशी ५ किलोमीटरला याला सुमारे १७ अश्वशक्ती लागते. इंजिन ४५ चं आहे. म्हणजे इंजिन अर्धंही वापरलं जात नाही, कारण अडवणारी माती आहे. अशा वेळी एक गिअर वर घेऊन थ्रॉटल कमी केला तर वेग तोच राहतो, काम तेच होतं आणि डिझेल वाचतं. फक्त इंजिन दबल्यासारखा आवाज काढू लागलं किंवा काळा धूर आला तर परत खाली या.

तिसरी, डिफरन्शियल लॉक. वळताना बाहेरचं चाक जास्त पळावं लागतं म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. एक चाक चिखलात आणि दुसरं कोरड्यात असेल, तर चिखलातल्याला जेवढा झेपतो तेवढाच कोरड्यातल्यालाही मिळतो. लॉकचा पायडल दाबला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. पण चाक फिरत असताना तो दाबू नका, गिअरचे दाते जातील. क्लच दाबा, चाक थांबू द्या, मग लॉक टाका, सरळ बाहेर या आणि सोडा. लॉक टाकून वळायचं नाही. नव्या गाड्यांमध्ये हेच काम वेगळ्या रीतीने होतं. घसरणाऱ्या चाकाला संगणक आपोआप ब्रेक लावतो, आणि त्या अडकावामुळे दुसऱ्या चाकाला पीळ मिळतो.

पकड वाढली, स्टिअरिंग गेलं

आता ज्यासाठी आम्ही खरं तर आलो ती गोष्ट.

गाळप हंगामात आपल्या रस्त्यांवर रोज दिसणारं दृश्य. उसाच्या दोन ट्रॉल्या, पुढे ट्रॅक्टर, चढावर त्याची पुढची चाकं वीतभर वर. पोरं मोबाइलवर शूटिंग करतात. कधीकधी वजन म्हणून पुढे दगड बांधलेले असतात, कधी माणसंच बसलेली असतात.

हिशोब करू. दोन ट्रॉल्यांचं मिळून २० टन वजन. सपाट डांबरीवर ते ओढायला दोन टक्के, म्हणजे ४०० किलो जोर लागतो. वीस फुटांना एक फूट असा चढ आला की त्यात आणखी हजार किलोंची भर पडते. झाले १४००. हा जोर हुकावर मागे ओढतो. हुक जमिनीपासून अर्धा मीटर उंच, दोन चाकांमधलं अंतर दोन मीटर. १४०० गुणिले अर्धा भागिले दोन, म्हणजे ३५० किलो पुढच्या चाकांवरून मागे गेले. ट्रॉलीचं तोंड हुकावर ८०० किलोंनी टेकलंय आणि हुक मागच्या आसाच्या ७० सेंटिमीटर मागे आहे. त्यामुळे आणखी २८० गेले. चढामुळे ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागे कललं, आणखी ४० धरा. एकूण ६७०. पुढच्या चाकांवर मुळात होते ८००. राहिले १३०.

मागची चाकं आता पूर्वीपेक्षा कितीतरी घट्ट टेकलीत. पकड भरपूर आहे, ट्रॅक्टर ओढतोय, ड्रायव्हरला वाटतं जमलं. पण स्टिअरिंग पुढच्या चाकांवर आहे आणि तिथे आता दोन माणसांएवढं वजन उरलंय. एक खड्डा, एक झटका, क्लच जरा जोरात सुटला, की ते १३० पण जातात. समोरून मोटरसायलवर कुणी नवरा-बायको येत असतील तर ट्रॅक्टर वळणार कसा?

आणि हुक उंच असेल तर? एक मीटरवर बांधला तर ३५० चे ७०० होतात. म्हणजे एवढ्या एका कारणानेच पुढची चाकं जवळजवळ मोकळी झाली. रुतलेली ट्रॉली काढायला साखळी टॉप लिंकला किंवा आसाच्या वर बांधणं म्हणजे ट्रॅक्टर स्वतःवर उलथवून घेणं. मागची चाकं अडकलीत आणि पीळ येतोच आहे, मग चाकाऐवजी ट्रॅक्टरचं धूड चाकाभोवती फिरतं. हे व्हायला एक सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. उडी मारायला तेवढा वेळ पुरत नाही.

हॅरी फर्ग्युसन यांनी तीन सांध्यांची जोडणी आणली ती या धोक्यावर उपाय म्हणूनसुद्धा. नांगराचा ताण टॉप लिंकमधून ट्रॅक्टरला पुढे दाबतो. पण तो फायदा त्या जोडणीवरच्या अवजारापुरता आहे. ट्रॉली ओढायची ती खालच्या ड्रॉबारलाच.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: पुढे वजन लावलं तर चालतं ना?

चालतं, पण कंपनीने दिलेली वजनं, तिने सांगितलेल्या जागी आणि बोल्ट आवळून. माणूस म्हणजे वजन नव्हे. बंपरवर बसलेला माणूस पडला की तो चाकाखालीच जातो. आणि वजन लावून दोनाच्या तीन ट्रॉल्या करायच्या नाहीत. उतारावर ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, ते २० टन तुमच्या पाठीवर येतात.

प्रश्न: मागच्या टायरमध्ये पाणी भरतात ते बरोबर का?

बरोबर. टायर साधारण पाऊण भरतात, वर हवा राहू देतात. वाळूत आणि वापशात त्याने पकड वाढते. ओल्या काळ्या रानात नाही, ते आत्ताच बघितलं. ज्वारीची पेरणी करणाऱ्या हलक्या कामाला तर ते वजन रान दाबायलाच कारण होतं.

प्रश्न: ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी उलटी बसली तर काय होतं?

टायरच्या बाजूवर बाण असतो, तो पुढे जाण्याच्या दिशेला हवा. सरळ बसला तर दात्यांमधला चिखल कडेने बाहेर फेकला जातो. उलटा बसला तर चिखल मध्ये गोळा होतो, खाचा भरतात आणि दात्यांचा टायर गुळगुळीत होऊन बसतो. पंक्चर काढून आणल्यावर एकदा बघत जा.

प्रश्न: ट्रॅक्टरला डावा-उजवा वेगळा ब्रेक कशाला?

रानात कोपऱ्यावर झटकन वळायला. एक चाक घसरत असेल तर त्याचा ब्रेक हलका दाबून दुसऱ्याला पीळही देता येतो. पण डांबरीवर येताना दोन्ही पायडल जोडणारी पट्टी अडकवायचीच. ती न अडकवता वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरून पलटी होतो. बांध ओलांडून रस्त्याला लागलं की आधी पट्टी, मग गिअर, एवढी सवय घरच्या पोरांना लावा.

वेळ संपत आली. हंगाम तोंडावर आहे. आज घरी गेल्यावर हुकाची उंची एकदा टेपने मोजा. आणि चिखलात अडकलात तर पाय आधी ॲक्सिलरेटरवरून काढा. आम्ही तेवढं जरी तेव्हा केलं असतं तरी त्या आजोबांना बैल सोडून आणावे लागले नसते.